बारा वर्षांचे मौन

शास्त्रपाठ : मार्क ५:२१–४३. सोबत वाचावे : लेवीय १५:२५–३१; कलस्सै ४:१४.

पाठाचा हेतू : स्त्रीच्या शरीरातून होणारा कोणता रक्तस्राव स्वाभाविक व कोणता धोक्याचा, हे मंडळीतील प्रत्येक घराला कळावे; आणि तो बोलून दाखवताना कोणाही भगिनीला लाज वाटू नये.



बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची गोष्ट शब्बाथ शाळेत आपण सर्वांनी शिकवली आहे. मुलांना शिकवताना आपण गर्दीचे वर्णन करतो, वस्त्राच्या स्पर्शाचे वर्णन करतो, विश्वासाविषयी सांगतो. पण तिला काय झाले होते हे मात्र "एक आजारी बाई होती" एवढ्यावर भागवतो. वर्गात हे ठीक असेल. परंतु मोठ्यांच्या उपासनेतही आपण तेच करतो. मीही अनेक वर्षे तेच केले.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, आमच्याच घरी राहते. तिच्या परवानगीने पुढील हकिकत लिहीत आहे. पन्नाशीच्या आत तिची पाळी गेली. चार वर्षांनी अंगावरून पुन्हा थोडे थोडे लाल जाऊ लागले. पाळी परतली असेल, उष्णता झाली असेल, असे मनाशी म्हणून तिने आपले कपडे आपणच धुतले आणि कोणाच्या नजरेस पडू नयेत असे वाळत घातले. असे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मी मार्कच्या याच उताऱ्यावर दोन वेळा उपदेश केला. आक्का पुढच्या बाकावर बसून ऐकत होती. शेवटी एके दिवशी स्वयंपाकघरात तिला भोवळ आली, तेव्हा तिने माझ्या पत्नीला सांगितले. तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, त्यामागून किरणांचे उपचार झाले. देवाच्या दयेने आज ती बरी आहे. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "पहिल्याच महिन्यात आला असता, तर कदाचित शस्त्रक्रियेवरच भागलं असतं."

मी आक्काला विचारले, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुला कसं सांगायचं? तू भाऊ, त्यातून उपदेशक."

त्या उत्तराने मला हा पाठ पुन्हा वाचायला लावले. जे वाचले, आणि जाणत्या डॉक्टर व परिचारिका भगिनींना विचारून जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडतो.

१. उताऱ्यात काय आहे?

(अ) उताऱ्यात बारा हा आकडा दोनदा येतो. ती स्त्री बारा वर्षे आजारी होती आणि याईराची मुलगी बारा वर्षांची होती. म्हणजे ज्या वर्षी ही मुलगी जन्मली, त्याच सुमारास त्या स्त्रीचे दुखणे सुरू झाले. बारा वर्षे हेच आपल्या अनेक मुलींना पहिली पाळी येण्याचे वय आहे. वयात येणारी मुलगी आणि रक्त गमावून थकलेली स्त्री, या दोघींना मार्क एकाच पाठात आणतो.

(आ) तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचे सर्व खर्च केले आणि तिचे दुखणे वाढतच गेले, असे मार्क स्पष्ट सांगतो. इतकी वर्षे रक्त गेलेल्या स्त्रीला धाप लागत असणार, पाय गळून जात असणार. तशा अंगाने ती गर्दीतून वाट काढते. हे सोपे नव्हते.

(इ) लेवीय १५ प्रमाणे ती बसेल ती जागा व निजेल ते अंथरूणही अशुद्ध ठरत असे. म्हणून ती मागून आली. परंतु नियमशास्त्राने त्या अवस्थेला अशुद्ध म्हटले, पाप म्हटले नाही, हे नीट लक्षात घ्यावे. रक्तस्राव हा अपराध नाही.

(ई) स्पर्श होताच ती बरी झाली. तरी प्रभू थांबला. याईराची मुलगी मरणोन्मुख होती, एकेक क्षण मोलाचा होता, तरी थांबला. भीत भीत त्या स्त्रीने सर्व लोकांदेखत सारी हकिकत सांगितली, आणि त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली. रोग गेला तेवढ्यावर प्रभू समाधानी झाला नाही. तिचे मौनही त्याने संपवले.

(उ) वैद्यांचा उपयोग झाला नाही, म्हणून औषध घेणे हा अविश्वास, असा अर्थ काही जण काढतात. तो बरोबर नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल त्याचा उल्लेख प्रीतीने करतो. प्रार्थना करावी आणि दवाखान्यातही जावे. एकाने दुसऱ्याला अडथळा होत नाही.

आता या उताऱ्याच्या प्रकाशात आपल्या घरांकडे वळू.

२. मासिक पाळी : किती दिवस आणि किती?

पाळी साधारणपणे २१ ते ३५ दिवसांनी येते. पहिली काही वर्षे मुलींमध्ये ती मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखे नाही. मात्र १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

पुढील गोष्टी नेहमीच्या नव्हेत :

- रक्तस्राव ७ दिवसांहून अधिक चालणे.
- दर एक-दोन तासांनी पॅड किंवा कपडा पूर्ण भिजून बदलावा लागणे, अथवा रात्री त्यासाठी उठावे लागणे.
- रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडणे.
- दोन पाळ्यांच्या मधे, किंवा पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त दिसणे.
- शाळा किंवा काम बुडावे इतके पोट दुखणे.

पुष्कळ घरांत आई म्हणते, "आमच्याकडे सगळ्यांना असंच जास्त जातं." आईला जास्त जात होते म्हणून ते योग्य ठरत नाही. गर्भाशयातील गाठी, हार्मोनचा बिघाड, थायरॉईडचा विकार, आणि काही मुलींत रक्त गोठण्याचा जन्मजात दोष, अशी त्याची कारणे असू शकतात. यांतील बहुतेकांवर औषध आहे.

पांढरे जाण्याविषयीही भगिनी बोलत नाहीत. दोन पाळ्यांच्या मधल्या काळात पातळ, वास नसलेले पाणी जाणे स्वाभाविक आहे. खाज, दुर्गंधी, दह्यासारखे अथवा हिरवट-पिवळे जाणे हे संसर्गाचे चिन्ह आहे. अशा वेळी कित्येकदा पतीलाही औषध घ्यावे लागते, आणि त्याने ते विनातक्रार घ्यावे.

जास्त रक्त जाण्याचा परिणाम अंगात रक्त कमी होण्यात होतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे रविवारी स्त्रियांच्या बाकांवर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक भगिनी या मोजणीत येऊ शकतात. रक्तातील हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असले तर कमतरता समजतात. गरोदर स्त्रीसाठी ही मर्यादा ११ आहे, आणि ७ च्या खाली गेले तर ती तातडीची बाब असते. जिना चढताना धाप, सतत थकवा, छातीत धडधड, माती किंवा खडू खावासा वाटणे, ही त्याची लक्षणे होत. अशा भगिनीला आपण "आळशी" म्हणतो. आळशी म्हणण्यापूर्वी तिचे रक्त तपासावे.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला भिऊन गोळ्या सोडू नयेत. शाळेत मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी हीच आहे. ती दप्तरात राहते की पोटात जाते, हे शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेने एकदा प्रेमाने विचारावे.

३. गरोदरपणात

गरोदरपणात रक्त दिसले तर ते थोडे असो वा फार, डॉक्टरांना कळवावे.

पहिले तीन महिने : शंभर गरोदर स्त्रियांपैकी पंधरा ते पंचवीस जणींना या काळात थोडे रक्त दिसते, आणि त्यांतील पुष्कळ जणींचे गरोदरपण पुढे सुखरूप पार पडते. म्हणून घाबरून जाऊ नये. पण सोनोग्राफी करून खात्री करून घ्यावी. कधी कधी गर्भ पिशवीत न राहता नळीत राहतो. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, भोवळ, अशी लक्षणे दिसली तर नळी फुटून पोटात रक्त साचत असण्याचा संभव असतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालय गाठावे.

गर्भपात झाला तर घरातील मंडळी कारण शोधू लागतात. बादली उचलली, पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर गेली, कोणाची दृष्ट लागली. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, आणि आईने काहीही केले असते तरी तो टळला नसता. जिचे बाळ गेले, तिच्या अंगावर दोषाचे ओझे टाकणे हे मंडळीचे काम नव्हे. तिच्या घरी जावे, डबा न्यावा, तिच्याबरोबर बसावे.

शेवटचे महिने : न दुखता एकदम लाल रक्त जाऊ लागले, तर वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरी किंवा दाईकडून आतून तपासणी मुळीच करू देऊ नये. तिने रक्तस्राव भडकतो. पोट दगडासारखे घट्ट होऊन दुखत असेल व रक्त जात असेल, तर वार आधीच सुटत असण्याचा संभव असतो. दोन्हींत आई व बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो.

रक्तदाब : दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धूसर दिसणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज, बरगडीखाली पोटात दुखणे, ही झटके येण्यापूर्वीची चिन्हे असू शकतात. पायांवर थोडी सूज पुष्कळ जणींना येते, पण चेहरा सुजणे वेगळे. बाळाची हालचाल कमी झाली असे वाटले, तरीही त्याच दिवशी दाखवावे.

रक्तगट : आईचा गट आर.एच. निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून अँटी-डी नावाचे इंजेक्शन देतात. ते सुमारे २८ व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यावयाचे असते. म्हणून आपला गट कोणता, हे पहिल्याच भेटीत विचारून घरी लिहून ठेवावे.

गरोदर स्त्रीची तपासणी निदान चार वेळा तरी झालीच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आठ भेटी सुचवल्या आहेत. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या योजनेतून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी सुरू झाली. लोहाची गोळी गरोदरपणी १८० दिवस व बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यावयाची असते.

४. बाळंतपणाची घटका

पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असते. वार पडल्यावर गर्भाशय आवळले गेले की त्या रक्तवाहिन्या बंद होतात. ते आवळले गेले नाही, तर धडधाकट बाई थोड्या वेळात हातची जाऊ शकते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. ज्या स्त्रीत आधीच रक्त कमी, तिला थोडासा रक्तस्रावही झेपत नाही. म्हणजे शाळकरी वयात न घेतलेली गोळी येथे आडवी येते.

यावर उपाय आहे, आणि त्याच्या शोधात आपल्या बेळगाव जिल्ह्याचा वाटा आहे. २००२ ते २००५ या काळात या जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर एक अभ्यास झाला. बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांनी बाळ जन्मताच निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या दिल्या, उरलेल्यांना औषध नसलेल्या तशाच गोळ्या. औषध न मिळालेल्यांत १२ टक्के स्त्रियांना जास्त रक्तस्राव झाला; औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के. म्हणजे धोका जवळजवळ निम्मा झाला. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. रुग्णालयात याच कामासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन बाळ जन्मताच देतात. रुग्णालयात बाळंत होण्याचे महत्त्व यात आहे.

२०१८–२० च्या सरकारी नोंदणीप्रमाणे दर १,००,००० जिवंत जन्मांमागे भारतात ९७ मातांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात हा आकडा ३३, तेलंगणात ४३, गुजरातेत ५७, कर्नाटकात ६९ आणि मध्य प्रदेशात १७३ होता. आपल्या मंडळ्या या सर्व राज्यांत आहेत. स्त्रीचे शरीर सर्वत्र सारखेच. फरक पडतो तो निर्णय किती लवकर होतो, वाहन किती लवकर मिळते आणि रुग्णालयात रक्त व डॉक्टर तयार असतात की नाही, यामुळे.

यांपैकी पहिला विलंब घरातच होतो. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या संस्थापिका डॉ. आयडा स्कडर यांची हकिकत पुष्कळांना ठाऊक आहे. त्या तरुण असताना तामिळ प्रदेशात तिंडिवनम येथे आपल्या मिशनरी आईवडिलांकडे आल्या होत्या. एका रात्री एकामागून एक तीन पुरुष दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडांचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाला बायकोला हात लावू देण्यास तिघेही तयार नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. आयडा अमेरिकेत जाऊन १८९९ मध्ये डॉक्टर झाल्या, १९०० मध्ये परतल्या, आणि १९१८ मध्ये त्यांनी वेल्लोरला स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू केले.

ते तीन पती दुष्ट नव्हते. मध्यरात्री मदत मागायला निघालेले ते पती होते. लाजेने त्यांचे हात बांधले होते. आपले हात अजून किती बांधलेले आहेत, हे प्रत्येक पतीने व सासूबाईंनी स्वतःला विचारावे.

बाळंतिणीच्या अंगावरून चार ते सहा आठवडे कमी कमी होत जाणारे रक्त जाते. परंतु तासाभरात पॅड भिजू लागले, ताप आला, किंवा दुर्गंधी आली, तर सव्वा महिना होण्याची वाट पाहू नये. घराबाहेर काढून रुग्णालयात न्यावे.

५. पाळी गेल्यानंतर

पाळी पूर्ण एक वर्ष बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग तो एकच डाग का असेना, तर तपासणी करावी. अशा दहा स्त्रियांपैकी साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. नऊ जणींना साधे कारण असते. पण दहावी कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरी ती दहावी होती.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग यापेक्षा निराळा. तो बहुतेक सर्व वेळा एच.पी.व्ही. या विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो, आणि तो होण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून आधीच तपासले तर तो अडवता येतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी सुचवली आहे. तोंडावर सौम्य व्हिनेगरसारखे द्रावण लावून पाहतात. ही काही मिनिटांची तपासणी असून तिला भूल लागत नाही.

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून १,३०,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात आठ वर्षांत असे दिसून आले, की आयुष्यात एकदाच एच.पी.व्ही. तपासणी करून योग्य उपचार केल्यास या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात. तपासणीस आलेल्या या स्त्रिया शेतात राबणाऱ्या मराठी स्त्रिया होत्या. त्यांनी लाज बाजूला ठेवली, त्याचा लाभ साऱ्या जगाला झाला. या विषाणूवर लसही आहे, आणि २०२३ पासून पुण्यात तयार झालेली लस बाजारात आली आहे. ती ९ ते १४ या वयात, म्हणजे याईराच्या मुलीच्या वयात, घेतल्यास सर्वांत उपयोगी पडते. लस घेतलेल्या स्त्रीनेही तिशीनंतर तपासणी करावी.

६. "पिशवी काढून टाका"

मार्क म्हणतो, ती वैद्यांकडे जाऊन अधिकच दुखणाईत झाली. हा धोका आजही आहे. रक्त जास्त जाते म्हटल्यावर काही ठिकाणी पहिल्याच भेटीत पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये तरुण वयात मोठ्या संख्येने पिशव्या काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले, आणि महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळे कामाचा खाडा होऊ नये, हेही त्यामागे एक कारण होते.

पिशवी काढणे कधी कधी आवश्यक असते, आक्काचीच काढली. परंतु साध्या कारणासाठी आधी गोळ्या, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन, किंवा फक्त गाठ काढणे, असे उपाय असतात. तरुणपणी बीजकोशही काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून तीन प्रश्न अवश्य विचारावेत : निदान काय आहे? दुसरा कोणता उपाय आहे? बीजकोश ठेवणार का? आणि प्राणसंकट नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

७. मंडळीने काय करावे?

१. वर्षातून एकदा भगिनी मंडळाच्या सभेत डॉक्टरबाई किंवा परिचारिका यांना बोलवावे. त्यानंतर एक सभा पुरुषांचीही घ्यावी.

२. मंडळीत गरोदर भगिनी कोण, तिला कोणता महिना, रक्तगट कोणता, रात्री वाहन कोण देईल, हे एका जाणत्या भगिनीने तिच्या संमतीने टिपून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका व गावातील आशाताईंचा क्रमांक मंदिराच्या फलकावर लावावा.

३. तरुण संघाने रक्तदान करावे. बाळंतिणीला लागणारे रक्त कोणाच्या तरी दंडातूनच येते.

४. मंदिराच्या आवारात पाणी, कडी असलेला संडास आणि झाकणाची टोपली असावी. याअभावी मुली महिन्यातील एक रविवार चुकवतात.

५. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व येण्याजाण्याचे वाहन मोफत देण्याची योजना आहे. ही माहिती मोलमजुरी करणाऱ्या घरांपर्यंत पोहोचवावी.

६. प्रार्थनेच्या वेळी "एका भगिनीच्या नाजूक दुखण्यासाठी" असे म्हणून थांबू नये. सभा संपल्यावर कोणीतरी तिच्याजवळ बसावे आणि विचारावे, "दाखवलं का?"

शिक्षकांसाठी सूचना

लहान मुलांना एवढेच सांगावे की त्या बाईच्या अंगातून पुष्कळ दिवस रक्त जात होते आणि ती फार थकली होती. मुले हे सहज समजून घेतात. संकोच आपल्याच मनात असतो. तरुण मुलींच्या वर्गात दुसरा भाग शिक्षिकेने पूर्ण वाचून दाखवावा. मुलांच्या वर्गात शिक्षकाने सांगावे की बहीण पाळीत असता तिची थट्टा करणे हे त्या गर्दीतील माणसांसारखे आहे, ज्यांनी तिला केवळ धक्के दिले.

चर्चेसाठी प्रश्न

१. याईराची मुलगी मरणाच्या दारी असताना प्रभू त्या स्त्रीसाठी का थांबला असावा?
२. तिने सर्वांदेखत सांगितले. आपल्या मंडळीत एखाद्या भगिनीला निदान एका व्यक्तीला तरी सांगता येईल काय? ती व्यक्ती कोण?
३. आपल्या घरात दवाखान्यात जाण्याचा निर्णय कोण घेते, आणि त्याला किती वेळ लागतो?
४. आपल्या पत्नीचा, बहिणीचा, सुनेचा रक्तगट आपल्याला ठाऊक आहे काय?

गेल्या महिन्यात आमच्या भगिनी मंडळात हाच पाठ झाला. शेवटी आक्का उभी राहिली आणि आपली सर्व हकिकत तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली. सभा सुटल्यावर दोन भगिनी तिच्याजवळ थांबल्या. एकीचे तीन वर्षांपासून, दुसरीचे पाच महिन्यांपासून. पुढच्या सोमवारी आक्का व माझी पत्नी त्या दोघींना घेऊन दवाखान्यात गेल्या. एकीला गाठी निघाल्या व औषध सुरू झाले. दुसरीची तपासणी चालू आहे. तिच्यासाठी प्रार्थना करावी.

मी मात्र त्या दिवशी दाराबाहेर बाकावर बसलो होतो. उपदेशकाला तेवढे काम पुरे होते.